रस्स्याचे पातेले, वैरणीची बुरशी आणि आपली भीती : अन्नसाखळीतली जोखीम नेमकी कुठे असते?

करवीरकाठ

गेल्या महिन्यात करवीर तालुक्यातल्या एका गावी आमच्या नात्यातल्या घरी जावळाचे जेवण होते. पंगती दुपारी एकच्या सुमारास उठल्या आणि रात्री दहा-अकरापासून जेवून गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पोटात कळा येऊन जुलाब सुरू झाले. ताप कोणाला नव्हता, उलट्याही फारशा नव्हत्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळे उठून कामाला लागले. मात्र तेवढ्या वेळात गावात तीन निदाने झाली. मटण शिळ्या जनावराचे होते, विहिरीचे पाणी खराब होते, किंवा चटणीत रंग होता.

मी आयुष्यभर दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले असल्यामुळे हात शिवशिवले आणि वही घेऊन घरोघरी गेलो. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : पानात काय काय घेतले होते? माळकरी मंडळींची पंगत वेगळी होती. त्यांनी तेच पाणी प्यायले आणि तीच बुंदी खाल्ली, पण त्यांच्यात कोणी आजारी नव्हते. ज्यांनी फक्त सुके मटण आणि भाकरी खाल्ली, तेही ठणठणीत होते. आजारी पडलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तांबडा रस्सा वाटीवर वाटी ओरपला होता. मटण एकाच बोकडांचे, पाणी एकाच विहिरीचे, चटणी एकाच डब्यातली, मग फरक कशात? तर मटण रात्री शिजवून फोडी रुंद परातींत पसरून ठेवल्या होत्या आणि त्या सकाळी मसाल्यात कडकडीत परतल्या गेल्या. तांबडा रस्सा मात्र रात्रीच पूर्ण करून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला होता आणि दुपारी ‘गरम’ करून वाढला होता. ‘गरम’ या शब्दाकडे पुढे वळेन.

नमुना शिल्लक नव्हता, तपासणी झाली नाही, त्यामुळे जंतूचे नाव मी शपथेवर सांगणार नाही. तरीही जेवणानंतर आठ-दहा तासांनी कळा व जुलाब, ताप नाही, दिवसभरात आराम, आणि कारण म्हणून मोठ्या भांड्यात सावकाश निवलेला मांसाचा रस्सा, हे चित्र क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूशी इतके जुळते की माझा संशय त्याच्यावरच आहे.

हा धागा काढण्याचे कारण असे की गावाने जे तीन संशयित धरले, त्यांतला एकही खरा नव्हता आणि जो खरा होता त्याच्याकडे कोणाचे बोट गेले नाही, कारण त्यात कोणाची लबाडी नव्हती. अन्नसुरक्षेच्या शास्त्रात ‘अपायकारक घटक’ आणि ‘जोखीम’ हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवतात. कोल्हापूरकरांना हे समजावण्यासाठी राजाराम बंधाऱ्याइतके चांगले उदाहरण नाही. पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी असते. पाणी सगळ्यांना सारखेच आहे, पण ४३ फूट म्हणजे सुतारवाड्यातल्या घराला सामान हलवण्याची वेळ आणि उंचावरच्या पेठेतल्या घराला सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी. पाणी हा अपायकारक घटक आहे. ते माझ्या उंबऱ्यात किती आणि केव्हा येईल, ही जोखीम आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी १९६३ साली उभ्या केलेल्या कोडेक्स आयोगाने जोखमीच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या ठरवल्या आहेत. घटक कोणता ते ओळखायचे. त्याची किती मात्रा काय करते ते पाहायचे. माणसाच्या पोटात तो प्रत्यक्षात किती जातो ते मोजायचे. आणि या तिन्हींवरून जोखीम किती ते ठरवायचे. आपण बहुधा पहिल्याच पायरीवर घाबरतो आणि तिसरी पायरी कधीच चढत नाही. व्यवस्थापन, म्हणजे काय करायचे आणि कुठे करायचे, हा त्यानंतरचा प्रश्न आहे. सभासदांनी आपापल्या कामातले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे.

शाहूपुरीकर

लेख आवडला, पण एक शंका आहे. आपल्या म्हणण्याचा रोख असा दिसतो की भेसळीची ओरड फुकाची आहे. दर सणाला अन्न व औषध प्रशासनाचे छापे पडतात, खवा नष्ट केला जातो, दुधात युरिया सापडल्याच्या बातम्या येतात. हे सगळे सोडून आम्ही पातेल्यात तापमापक बुडवत बसायचे काय?

करवीरकाठ

शाहूपुरीकर, भेसळ हा गुन्हा आहे आणि छापे पडलेच पाहिजेत, त्यात दुमत नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळले गेले आणि त्यातून आलेल्या जलशोथाच्या साथीत साठाहून अधिक माणसे गेली, हे विसरता येण्यासारखे नाही. माझा मुद्दा प्रमाणाचा आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासून घेतले. त्यांत भेसळीमुळे पिण्यास असुरक्षित ठरलेले नमुने केवळ १२ होते. त्याच नमुन्यांपैकी ३६८, म्हणजे सुमारे ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त होते आणि ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर होते. पाणी घालून किंवा स्निग्धांश काढून पातळ केलेले दूध पुष्कळ होते, पण ती खिशाला बसलेली चाट आहे, आरोग्याचा प्रश्न वेगळा. युरियाबद्दल आपण सगळे बोलतो. अफ्लाटॉक्सिनबद्दल घरातल्या बैठकीत कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

गंगावेस

आमच्या आजोबांनी साठ वर्षे कट्ट्यावर उभे राहून म्हशीचे धारोष्ण दूध प्यायले आणि नव्वदीपर्यंत तालमीच्या पायऱ्या चढले. समोर धार काढलेले दूध, त्यात पाण्याचा थेंब नाही, पिशवी नाही, वाहतूक नाही. अन्नसाखळी जितकी आखूड तितकी जोखीम कमी, हे तर आपण मान्य कराल?

दवाखाना

गंगावेस यांच्या आजोबांना नमस्कार. त्यांच्या प्रकृतीबद्दल मला शंका नाही, शंका त्यांच्यावरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल आहे. जे आजारी पडले ते कट्ट्यावर येऊन आपली गोष्ट सांगत नाहीत, कारण आपला आजार दुधातून आला हे त्यांना कळलेलेच नसते.

साखळी आखूड असली की भेसळ, धूळ आणि वाहतुकीतली वाढ टळते हे खरे. पण जनावराच्या शरीरातूनच दुधात येणारे जंतू टळत नाहीत, उलट ते ताजेतवाने मिळतात. ब्रुसेला हा त्यांतला मुख्य. महिनोन् महिने येत-जात राहणारा ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे धरणे, वजन उतरणे अशा तक्रारी घेऊन रुग्ण येतो. आधी विषमज्वराची औषधे होतात, मग क्षयाची शंका येते आणि बऱ्याच काळाने कोणीतरी विचारते की घरी जनावरे आहेत काय आणि त्यांतली एखादी गाभडली (तिचा गर्भ पडला) होती काय. हा जंतू दूध उकळल्यावर मरतो. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवण्याच्या पाश्चरीकरणातही मरतो. म्हणजे एका उकळीचा प्रश्न आहे. धडधाकट पैलवानाची जोखीम आणि गरोदर बाईची किंवा दोन वर्षांच्या मुलाची जोखीम एक नसते, त्यामुळे आजोबांचा पेला नातवाच्या हाती देऊ नये, एवढे तरी मी आग्रहाने सांगेन.

यात एक व्यवस्थापनाचा धडाही आहे. पेल्यापाशी उकळणे हा शेवटचा बांध झाला. खरा बांध गोठ्यात आहे. चार ते आठ महिन्यांच्या रेड्या आणि कालवडी यांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच टोचावी लागते आणि २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर तिचा समावेश आहे. गोठ्यातच आजार थांबला, तर धार काढणारा माणूस, वार काढणारा पशुवैद्य आणि दूध पिणारे मूल हे तिघेही एकाच टोचणीत वाचतात.

करवीरकाठ यांनी घरोघर वही फिरवली ती आम्ही डॉक्टरांनी फिरवायला हवी होती. असे जेवण बाधले की लोक आपापल्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे विखुरतात, प्रत्येक जण चार रुग्ण पाहतो, सलाइन लावतो आणि एकाच पंगतीचा संबंध कोणाच्याच लक्षात येत नाही. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. एकाच जेवणानंतर दोन-तीन जण आजारी दिसले की प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवले पाहिजे, म्हणजे उरलेल्या अन्नाचा आणि शौचाचा नमुना वेळेत घेता येतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती ई प्रकारच्या विषाणूची, म्हणजे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्याने पसरणारी होती. हा विषाणू गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत फार घातक ठरतो. अन्नाची साखळी कुठून सुरू होते असे कोणी विचारले, तर मी नळापासून असे उत्तर देईन.

प्रयागकाठ

आमचे गाव पुराच्या तोंडावरचे. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला गोठ्यात पाणी शिरले. जनावरे आधीच हलवली होती, पण कडबा आणि पेंडीची पोती भिजली. पाणी ओसरल्यावर पोती उन्हात टाकली, वरचा काळा-हिरवा थर झाडून काढला आणि उरलेली पेंड म्हशींना घातली. टाकून देणे परवडणारे नव्हते, कारण त्या वेळी बाजारात वैरणच नव्हती. म्हशींना काही झाले नाही, दूध थोडे कमी झाले इतकेच. वरचे प्रतिसाद वाचून आता मनात आले आहे की ते दूध आम्ही संस्थेत घातले आणि घरच्या लेकरांनीही प्यायले. यात जोखीम किती होती, हे करवीरकाठ काकांनी उलगडून सांगावे. बरे-वाईट जे असेल ते सांगा.

करवीरकाठ

प्रयागकाठ, आपण प्रामाणिकपणे विचारले आहे म्हणून आकड्यांसह उत्तर देतो. थोडे लांबेल.

अफ्लाटॉक्सिन हे ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे विष आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले आणि शोध घेता घेता माग त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत गेला, तेव्हा हे विष जगाला कळले. आपल्याकडे १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसात भिजून बुरशी धरलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे यकृत निकामी होऊन दगावली. ही झाली मोठ्या मात्रेची गोष्ट. लहान मात्रा वर्षानुवर्षे जात राहिली तर यकृताच्या कर्करोगाची शक्यता वाढते आणि ज्यांच्या अंगात काविळीचा बी विषाणू ठाण मांडून आहे, त्यांच्यात ती कित्येक पटींनी वाढते.

म्हशीने पेंडीतले अफ्लाटॉक्सिन बी-१ हे विष खाल्ले की तिच्या यकृतात त्याचे एम-१ होते आणि त्याचा काही भाग दुधात उतरतो. साधारण दूध देणाऱ्या जनावरात खाल्लेल्या विषाचा एक-दोन टक्के आणि भरपूर दूध देणाऱ्या गाईत सहा टक्क्यांपर्यंत भाग दुधात येतो. आता हिशेब करू. म्हैस दिवसाला चार किलो पेंड खाते आणि आठ लिटर दूध देते असे धरा. भारतीय मानकानुसार पशुखाद्यात बी-१ किलोला २० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. पेंड त्या मर्यादेवर असेल तर म्हशीच्या पोटात ८० मायक्रोग्रॅम जातात, दोन टक्क्यांनी दुधात १.६ येतात आणि आठ लिटरांत वाटले की लिटरला ०.२ होतात. दुधासाठी आपली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे आपण आत आहोत. युरोपातली मर्यादा ०.०५ आहे आणि तिच्या हिशेबाने हेच दूध चौपट बाहेर जाते. आता भिजलेल्या पेंडीत किलोला १०० मायक्रोग्रॅम आहेत असे समजा, जे बुरशी धरलेल्या पेंडीच्या बाबतीत मुळीच अशक्य नाही. तेव्हा दुधात लिटरला १.० येते, म्हणजे आपल्याही मर्यादेच्या दुप्पट.

पुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपले दूध संस्थेत शेकडो जणांच्या दुधात मिसळले आणि तिथे त्याचे प्रमाण विरून गेले. आपल्या घरच्या लेकरांनी मात्र त्याच एका म्हशीचे, न विरलेले दूध रोज प्यायले. ‘घरचे दूध शुद्ध’ हे वाक्य भेसळीच्या बाबतीत खरे आहे आणि या विषाच्या बाबतीत नेमके उलटे ठरू शकते. दूध उकळल्याने एम-१ जात नाही, पाश्चरीकरणानेही जात नाही, आणि दही-चक्का-पनीर केले तर प्रथिनांबरोबर ते त्यातच साठते.

आता धीर देणारी बाजू. एम-१ ची कर्करोग निर्माण करण्याची ताकद बी-१ च्या सुमारे दहाव्या हिश्श्याची मानली जाते. पुरानंतरच्या पंधरा-वीस दिवसांच्या सेवनाने आपल्या मुलांच्या आयुष्यभराच्या जोखमीत पडलेली भर फार लहान असेल. त्यासाठी रात्री जागण्याचे कारण नाही. शिवाय सदोष पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. काळजी करायची ती सवयीची. दर पावसाळ्यात ओल धरलेली वैरण ‘जनावराला काय कळते’ म्हणून घालत राहिलो तर तीच मात्रा वर्षानुवर्षे जात राहते.

वरचा थर झाडून उपयोग होत नाही, कारण विष बुरशीच्या दृश्य थराच्या खालीही पसरलेले असते. उन्हाने बुरशी मरेल, विष राहील. पोती जमिनीवर न टाकता लाकडी फळ्यांवर भिंतीपासून हातभर दूर ठेवणे, पावसाळ्यासाठी महिन्यापेक्षा जास्त पेंड न भरणे आणि गोळे झालेले पोते गाभण व दुभत्या जनावरांना अजिबात न घालणे, एवढे गोठ्यात करण्यासारखे आहे. पुरात भिजलेली वैरण शेतकऱ्याने स्वतःच्या खिशातून फेकून द्यावी अशी अपेक्षा करणे मात्र अन्यायाचे आहे. पंचनाम्यात घर, पीक आणि जनावर मोजले जाते. भिजलेल्या पेंडीची भरपाई हाही दूध पिणाऱ्यांच्या आरोग्यावरचा खर्च समजून द्यायला हवा, असे माझे मत आहे.

जाता जाता प्रतिजैविकांबद्दलही लिहितो. म्हशीला दगडी (कासेचा दाह) झाली की सडात औषधाच्या नळ्या सोडतात आणि त्या औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरू नये ते छापलेले असते. ते दूध संस्थेला घालू नये हे बहुतेकांना ठाऊक असते, पण ‘मग घरात वापरू’ असा तोडगा निघतो. विरजण घातलेले दही लागले नाही, तर विरजणाला दोष देण्याआधी गेल्या चार दिवसांत गोठ्यात कोणते औषध वापरले ते आठवून पाहावे.

प्रयागकाठ

काका, उत्तर पुन्हा पुन्हा वाचले. घरातल्या मुलांसाठी दोन-तीन म्हशींचे दूध एकत्र करूनच वापरायचे आणि पोत्यांखाली फळ्या टाकायच्या, असे आम्ही ठरवले आहे. भरपाईचा मुद्दा ग्रामसभेत मांडतो.

चुलवाण

आमचे गुऱ्हाळ आहे, त्यामुळे गुळाची बाजू मांडतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण सौद्यात भाव अजूनही रंगावर ठरतो. रानभेंडीचे पाणी आणि मोजका चुना घालून, मळी नीट काढून केलेला गूळ तांबूस-तपकिरी येतो. शेजारच्या काहिलीत हायड्रोस पावडर पडली की ढेप सोन्यासारखी पिवळी दिसते आणि तिला क्विंटलमागे जास्त भाव मिळतो. मग गुळव्या काय करेल? अधिकारी आम्हाला व्याख्यान देतात, पण पिवळा गूळ हातात घेऊन ‘हा बघा एक नंबर’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी व्याख्यान देत नाही.

मी दोन हंगामांपासून पावडर बंद केली आहे. पहिल्या हंगामात तोटा झाला. दुसऱ्या हंगामात पुण्या-मुंबईची काही थेट गिऱ्हाइके मिळाली, ती रंग न विचारता गूळ घेतात. प्रश्न एवढाच आहे की ही पावडर खरोखर किती घातक आहे? कोणी विष म्हणते, कोणी काही होत नाही म्हणते.

करवीरकाठ

चुलवाण, दोघेही अर्धे बरोबर आहेत. त्या पावडरीपासून गुळात सल्फर डायऑक्साइड राहतो आणि गुळात तो दशलक्षांत ७० भागांपर्यंत चालतो. हे प्रमाण पाळले तर बहुसंख्य लोकांना त्याचा त्रास होत नाही. पण दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटमुळे अचानक श्वास कोंडण्याचा त्रास होऊ शकतो, म्हणूनच पाकीटबंद पदार्थात ते दशलक्षांत १० भाग किंवा अधिक असेल तर वेष्टनावर सांगण्याचे बंधन आहे. सुट्ट्या ढेपेला वेष्टनच नसते, तेव्हा दम्याच्या माणसाला सावध होण्याची संधीच मिळत नाही. शिवाय काहिलीत पावडर पडते ती मुठीने, वजनकाट्याने नाही. म्हणजे इथे जोखीम त्या रसायनापेक्षा न मोजण्याच्या सवयीत जास्त आहे, आणि ती सवय, आपण म्हणता तसे, रंगाला भाव देणाऱ्या बाजाराने लावली आहे. सौद्याच्या वेळी रंगाच्या जोडीला सल्फरच्या तपासणीचा आकडा ढेपेवर लागला, तर छाप्यांपेक्षा जास्त फरक पडेल.

परसबाग

भाज्यांवरच्या फवारणीबद्दल कोणीच लिहिले नाही. मी मेथी-पालक मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवते. त्याने औषध निघते काय?

करवीरकाठ

परसबाग ताई, पानाच्या वर बसलेला अंश वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याने बराच कमी होतो, मिठाने त्यात फारशी भर पडत नाही. आणि जी औषधे पिकाच्या रसात शिरतात ती कशानेच धुऊन जात नाहीत. त्यांच्यासाठी फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले हेच महत्त्वाचे असते, म्हणजे बांध पुन्हा शेतातच आहे. भाजीत ‘मर्यादेपेक्षा जास्त अंश’ सापडला अशी बातमी आली की ती भाजी विषारी असे समजू नये. ती मर्यादा शेतकऱ्याने औषध नियमानुसार वापरले की नाही ते दाखवते. शरीराला रोज किती सोसते याची मर्यादा वेगळी असते आणि प्राण्यांवर ज्या मात्रेचा काहीच परिणाम दिसला नाही, तिच्या साधारण शंभराव्या हिश्श्यावर ती ठरवतात.

मोठे पातेले

मी आचारी आहे. लग्नकार्ये, जावळे आणि यात्रेची जेवणे करतो. ज्या जेवणाने हा धागा सुरू झाला ते माझे नव्हते, पण माझेही असू शकले असते, कारण आम्ही सगळे तसेच करतो. दोनशे पानांचा रस्सा सकाळी सुरू करून बारा वाजता पान वाढणे दोन चुलींवर होत नाही, म्हणून रात्री करावा लागतो. आणि रात्रभर मुरलेल्या रस्स्याला चव येते ती वेगळीच, हेही खरे. लिहिणाऱ्यांना नियम लिहिणे सोपे असते. गावच्या मांडवात शीतगृह कुठून आणायचे?

दुसरे असे की आम्ही रस्सा पुन्हा गरम करूनच वाढतो. उकळल्यावर जंतू मरतात असे दवाखाना यांनीच लिहिले आहे. मग लोक आजारी कसे पडतात?

करवीरकाठ

आपला प्रश्न अगदी मर्मावर आहे आणि ‘गरम’ या शब्दाकडे वळेन असे मी म्हटले होते ते याचसाठी.

परफ्रिंजेन्स हा जंतू उकळीत मरतो, पण त्याची बीजे मरत नाहीत. ती टणक कवचात तग धरतात. उकळीने रस्स्यातला प्राणवायू निघून गेलेला असतो, वर कटाचा, म्हणजे तेलाच्या तवंगाचा, जाड थर हवा आत येऊ देत नाही आणि याला हवा नकोच असते. रस्सा ५० अंशांच्या खाली आला की बीजे जागी होतात आणि ४३ ते ४७ अंशांच्या आसपास त्यांची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होते. लहान पातेले त्या पट्ट्यातून चटकन खाली उतरते. मोठे पातेले त्यातच तासन् तास बसून राहते.

आता पुन्हा गरम करण्याबद्दल. रस्सा सगळीकडून खदखदून उकळला तर वाढलेले जंतू मरतात आणि पंगत वाचते, कारण हा जंतू आपले विष मुख्यतः माणसाच्या आतड्यात गेल्यावर तयार करतो. त्या दिवशी मात्र कडेने वाफ आली, कट तरंगून लाल झाला, हाताला भांडे पोळले आणि रस्सा ‘गरम’ समजून उतरवला गेला. मधोमध तो कोमटच राहिला असणार. भाताच्या बाबतीत हा शेवटचा बांधही नसतो. रात्रभर ढीग करून ठेवलेल्या भातात बॅसिलस सीरियस जे उलटीचे विष करतो ते फोडणी देऊनही जात नाही.

शीतगृहाची गरज नाही. उतरवलेला रस्सा लगेच चार-पाच रुंद, उथळ भांड्यांत विभागावा, ती भांडी गार पाण्याच्या घंगाळात किंवा टाकीत बसवावीत, शक्य तर पाण्यात बर्फ टाकावा आणि डावाने अधूनमधून ढवळावे. ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि पुढे ५ अंशांपर्यंत आणखी चार तासांत उतरवावे, असा एक प्रचलित दंडक आहे. मांडवात त्याचा दुसरा भाग जमणार नाही, पण पहिला जमला तरी मोठी मजल मारली. किंवा रस्सा निवू देऊच नये, निखाऱ्यावर ६० अंशांच्या वर ठेवावा. आपल्याला तपमापक हवा असेल तर माझ्याकडचा जुना घेऊन जावा.

दवाखाना

एक पुरवणी. प्रत्येक पदार्थाची एक वाटी स्वच्छ झाकणाच्या डब्यात काढून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवावी. काही बाधले नाही तर फेकून द्यावी. बाधले तर गावभर तीन निदाने होण्याऐवजी एकच होईल.

मोठे पातेले

तपमापक नेला होता. अन्न वाया जाऊ नये म्हणून रस्स्याऐवजी घरीच ४० लिटर पाणी उकळले, वर किलोभर तेल ओतले आणि रात्री ११ वाजता झाकून ठेवले. पहाटे ५ वाजता पाहिले तर मधोमध ५४ अंश होते. मला वाटले होते की एव्हाना गार झाले असेल. सकाळी ९ वाजता ४१ भरले. म्हणजे काकांनी सांगितलेला पट्टा बरोबर आमच्या झोपेनंतर सुरू होतो आणि पंगतीपर्यंत चालतो. दुसऱ्या रात्री तेवढेच पाणी चार उथळ पातेल्यांत वाटून न्हाणीघरातल्या हौदात, बर्फाच्या दोन लाद्या टाकून ठेवले. दीड तासात २६ वर आले. हौदातले पाणी मध्ये एकदा बदलावे लागले.

गरम करण्याचेही पाहिले. कडेने बुडबुडे आले तेव्हा मध्ये ५८ होते. तळापासून ढवळत राहिल्यावर सगळीकडे उकळी यायला आणखी पाऊण तास लागला. एवढे इंधन आजवर मी धरलेच नव्हते. आता पुढच्या बोलीत बर्फ आणि जादा सिलिंडर असे दोन्ही धरणार आहे. यजमान कुरकुरतील.

एक विचारायचे राहिले. पांढऱ्या रस्स्यात नारळाचे दूध, तीळ आणि खसखस असते. अळणी पाणी (मटण शिजवलेले बिनमसाल्याचे पाणी) रात्री काढून ठेवले आणि नारळाचे दूध सकाळी घातले, तर चालेल काय?

करवीरकाठ

चालेल, किंबहुना तसेच करावे. अळणी पाणी तांबड्या रस्स्याप्रमाणेच उथळ भांड्यांत गार करून, सकाळी तळापासून ढवळत पूर्ण उकळावे आणि मग वाटण घालावे. नारळाचे दूध त्याच सकाळी काढलेले असावे आणि ते शेवटी घालावे, कारण ते घातल्यावर रस्सा फुटेल या भीतीने कोणी जोराची उकळी आणत नाही. तेव्हा उकळी त्याआधीच होऊन गेलेली असली पाहिजे. तपमापकाची काच टोकाला तडकलेली आहे, धुताना सांभाळा; काचेऐवजी सुईचा घेतलात तर मांडवात तोच बरा.